मंत्रीजींचा नमुना

स्वतःच्याच शोकसभेत उभं राहून दोन मिनिटं मौन पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नीलकंठराव निनावे त्यांचं नाव. मौन संपल्यावर त्यांनी सतरंजी झटकून गुंडाळली आणि ठरावाचा कागद फायलीत लावून टाकला. ठराव चुकीच्या माणसाचा झाला होता, पण झाला होता ना, मग तो फेकायचा कसा, असं त्यांचं म्हणणं.

ती गोष्ट सांगते, पण आधी जागा सांगायला हवी. लकडगंजात एका लाकडाच्या वखारीवर, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या होत्या. एकीत माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट आणि दुसरीत पक्षाचं शहर कार्यालय. मध्ये भिंत नव्हती. फळ्यांचं पार्टिशन होतं, तेही छतापर्यंत पोचत नव्हतं. त्यामुळे माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींची खडखड त्यांच्या सभेत आणि त्यांची भाषणं माझ्या मुलींच्या कागदावर उतरत. खालच्या आरामशीनचा भुसा मात्र दोन्हीकडे सारखा यायचा. पक्षाचं नाव मी लिहीत नाही. त्या काळी नागपुरात नुसतं ‘पक्ष’ म्हटलं की तोच समजायचा, दुसऱ्यांना नावानं ओळखावं लागे. यावरून काय ते समजा.

निनावे त्या कार्यालयाचे सेक्रेटरी. आमच्याकडे जुन्या मध्यप्रांताची हिंदी अंगात मुरलेली, आणि त्या हिंदीत सेक्रेटरी म्हणजे मंत्री, म्हणून पाटीवर ‘कार्यालय मंत्री’ असं लिहिलेलं. सगळे त्यांना मंत्रीजी म्हणत. एकदा कुहीकडचा एक म्हातारा, मंत्री भेटणार म्हणून, धुतलेलं धोतर नेसून, दोन गाड्या बदलून आला. मंत्रीजी तेव्हा फडक्यानं बाक पुसत होते.

“मंत्रीसाहेब कवा येते गा?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“मीच हाय.”

“गंमत नोको करू गा. मी लई दुरून आलो.”

मंत्रीजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं, त्याच्या गावच्या नाल्यावरच्या रपट्याचा अर्ज लिहून दिला आणि कचेरीपर्यंत पायी सोबत गेले. म्हातारा शेवटपर्यंत त्यांना मंत्र्याचा चपराशी समजला. जाताना म्हणाला, “तुह्या साहेबाले सांगजो, मानूस चांगला ठेवला म्हना.” हे वाक्य मंत्रीजी पुढे पंधरा वर्षं ज्याला त्याला ऐकवत. खासदारांनी केलेलं कौतुक त्यांच्या लक्षात राहिलं नाही, हे राहिलं.

उंच, खांद्यात थोडे वाकलेले, खादीचा सदरा आणि खिशाच्या कोपऱ्याला शाईचा डाग. सकाळी बरोबर आठला सक्करदऱ्याहून सायकलनं येत, दार उघडत, बाक बाहेर गॅलरीत मांडत. बाक बाहेर दिसला की कार्यालय उघडं. बोलणं अस्सल आमच्याकडचं, पण तेच कागदावर उतरलं की भाषा सोवळं नेसून बसायची. अक्षर तर असं, की माझा धंदाच टायपिंगचा असून मी त्यांचे अर्ज चोरून पाहत असे.

त्यांची लिहिण्याची एक तऱ्हा होती. कोणासाठीही काहीही लिहायचं असलं, की पहिला कागद स्वतःच्या नावानं. कोणाच्या बदलीचा अर्ज असो, माफीनामा असो, अभिनंदनाचं पत्र असो, आधी ‘मी, नीलकंठ निनावे’ असा पूर्ण मजकूर लिहायचे, खाली लफ्फेदार सही करायचे, तारीख टाकायचे, आणि मग तो समोर ठेवून दुसऱ्याचा कागद करायचे. त्याला ते नमुना म्हणत.

मी एकदा विचारलं, “मंत्रीजी, तुमची बदली कुठं करून राहिले?”

“दुसऱ्याच्या नावानं कायबी लिहिता येते, बाई,” ते म्हणाले. “सोताचं नाव टाकलं का हात अडते. जिथं हात अडला, तिथला शब्द बदला लागते.”

“पण सही कशाला?”

“सहीबिगर कागद म्हनजे अर्धा कागद. अर्ध्या कागदावरून काय समजते?”

आता शोकसभा. इतवारीतले एक जुने कार्यकर्ते वारले. मंत्रीजींनी ठराव लिहिला, अर्थातच आधी नमुना. दोन्ही कागद एकाच फायलीत राहिले. शहराध्यक्ष वकीलसाहेब धंतोलीहून घाईत आले, चष्मा गाडीत विसरले, आणि वरचा कागद उचलून वाचायला लागले. “कार्यालय मंत्री श्री. नीलकंठराव निनावे यांच्या दुःखद निधनाने पक्षाची न भरून येणारी हानी झाली असून...” शोकठराव एकमेकांसारखेच असतात, नाव कोण ऐकतो? सगळे उभे राहिले. मंत्रीजीही मान खाली घालून उभे राहिले. मी पार्टिशनवरून ऐकलं आणि धावत गॅलरीत आले, तर हे डोळे मिटून. ज्या बिचाऱ्यासाठी सभा होती त्याचा ठराव पुढच्या महिन्यात झाला.

“मध्येच टोकायचं नाही का?” मी नंतर म्हटलं.

“अध्यक्षाची फजिती झाली असती ना.” मग फाईल बंद करत, “पन शब्द बरे होते, नाही?”

मी तेव्हा पोट धरून हसले. पुढे या खोडीचं काय होणार आहे, हे मला ठाऊक असतं तर हसले नसते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची निवडणूक. आमच्या भागात पक्षाच्या थोड्याफार जागा आल्या, म्हणून पहिल्या दिवशी लकडगंजात फटाके फुटले. दुसऱ्या दिवशी रेडिओवरून देशाचा आकडा नीट कळला आणि फटाके लावणाऱ्यांना आपण काय केलं ते समजलं. दिल्ली गेली होती. नुसती गेली नव्हती, पक्ष सपशेल झोपला होता. कार्यालयात त्या दिवशी इतके लोक आले, आणि इतके गप्प बसले, की माझ्या मुलींनी आपणहून टायपिंग थांबवलं.

तिसऱ्या दिवसापासून राजीनामे सुरू झाले. आणि ते लिहायचे कोणी? मंत्रीजींनी. ज्यांचं पत्रक, ज्यांचा हारतुऱ्याचा मजकूर, ज्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी लिहिली, त्यांना पक्ष सोडायलाही त्यांचंच अक्षर हवं होतं. पहिला माणूस यायच्या आधीच, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, त्यांनी नमुना करून ठेवला. ‘मी, नीलकंठ निनावे, प्रकृतिअस्वास्थ्यामुळे व घरगुती अडचणींमुळे माझ्या पदाचा व सभासदत्वाचा राजीनामा देत आहे. पक्षाविषयी माझ्या मनात कोणतीही कटुता नाही.’ सही, तारीख, वेळसुद्धा. मग लोक येत गेले आणि ते उतरवत गेले. त्या आठवड्यात पूर्व नागपूरची प्रकृती एकदम बिघडली.

मी पार्टिशनवरून डोकं काढून म्हटलं, “मंत्रीजी, एवढं हातानं काहून लिहून राहिले? मी कार्बन टाकून सहा-सहा काढून देते.”

“मशीनच्या अक्षरात मानूस दिसत नाही, बाई. जाऊन राहिला तं दिसला पाहिजे.”

एका ठेकेदाराला ते कटुतेचं वाक्य नको होतं. त्याला उलट चार शिव्या घालायच्या होत्या, म्हणजे नव्या लोकांना बरं वाटलं असतं. मंत्रीजींनी टाक खाली ठेवला. “परत याचं असन तं हे वाक्य राहू द्या,” ते म्हणाले. ठेकेदारानं विचार केला आणि वाक्य राहू दिलं.

शेवटी वकीलसाहेब आले. त्यांनी सगळे राजीनामे चाळले, एकावरही काही लिहिलं नाही, आणि स्वतःचाही कागद करून घेतला. जाताना म्हणाले, “किल्ली तुमच्यापाशीच राहू द्या मंत्रीजी.” जिना उतरून ते गेले, आणि गॅलरीत एक बाक आणि एक माणूस राहिला.

इथून पुढची अडीच-तीन वर्षं मी रोज पाहिली आहेत. आठला दार उघडायचं, भुसा झाडायचा, बाक मांडायचा, दिवसभर बसायचं, सहाला बंद करायचं. कोणी येत नसे. वखारीच्या मालकाला खोली परत हवी होती, आणि खोली पडीक राहिली तर रिकामी समजून ताबा घेईन असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून दार रोज उघडलं पाहिजे. एक दिवस ताप होता तरी आले आणि बाकावर आडवे पडून राहिले.

खाली सुखदेवचं चहाचं दुकान. त्याचा पक्ष वेगळा, निळ्या झेंड्याचा. रोज सकाळी वर बघून ओरडायचा, “काय मंत्रीजी, हाय का पक्ष?”

“दार उघडलं ना? मंग हाय.”

एकदा मी खरंच विचारलं. इतक्या आपटीतून एवढा मोठा पक्ष उठतो का? मंत्रीजी काही म्हणायच्या आधी सुखदेव चहा ठेवता ठेवता म्हणाला, “आमचा पक्ष तं हरूनच जगून राहिला, बाई. आमाले सवय हाय. यायले जिंकाची सवय, म्हनून यायले हरलं का मेल्यासारखं वाटते.” मंत्रीजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मला म्हणाले, “हरून पक्ष नाही मरत, बाई. येनाऱ्याले दार बंद दिसलं, तं मरते.”

हे ऐकायला छान वाटतं. पण त्या दाराच्या दुसऱ्या बाजूला अनसूयाबाई होत्या, त्यांची बायको. मुलगा रमेश कळमेश्वरच्या एका कारखान्यात फिटर होता, क्वार्टर मिळालं होतं, सून होती, नातू झाला होता. अनसूयाबाईंना तिकडे राहायला जायचं होतं, दोघांनी मिळून. रमेशनं वडिलांसाठी कारखान्यात गेटवर हजेरी लिहिण्याची जागाही पाहून ठेवली होती, साहेबाला अक्षर दाखवून. साहेबाची अट एकच, कोणत्याही पक्षाचं पद नको; राजीनामा मंजूर झालेला कागद आणा. आणि पक्षाच्या घटनेत लिहिलेलं, की अध्यक्षानं मंजूर केल्याशिवाय पदाधिकाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. अध्यक्ष तर राजीनामा देऊन घरी बसले.

“मंग कोन मंजूर करन?” अनसूयाबाई विचारत.

“तेच तं,” मंत्रीजी म्हणत.

माणसाला नोकरी सोडता येते, गाव सोडता येतं, संसारसुद्धा सोडता येतो. यांना एक रिकामी खोली सोडता येईना. मला त्यांचा राग यायचा. दुपारी पार्टिशनपलीकडून त्यांचं खाकरणं ऐकू आलं की वाटायचं, उठावं आणि तो बाक उचलून खाली आरामशीनवर टाकावा.

मग तो शनिवार आला. कारखान्याच्या साहेबानं दुपारी चारला भेटायला बोलावलं होतं. कागदाचं नंतर पाहू, माणूस तरी दाखवा, असा निरोप होता. अनसूयाबाई तीनच्या गाडीनं त्यांना घेऊन जाणार होत्या. दुपारी मंत्रीजी कपाटामागे चटईवर जरा आडवे झाले, बाक आत ओढून. मालकाचा माणूस आला, बाक दिसला नाही, आवाज नाही, त्यानं दार ओढलं आणि बाहेरून भलंमोठं कुलूप घालून निघून गेला.

पार्टिशनवर टकटक झाली. “बाई, जरा पाहा बरं, भायेर काय लागलं?”

“कुलूप लागलं, मंत्रीजी. तुम्ही आवाज काहून नाही दिला?”

“आवाज दिला असता तं त्यानं मले भायेर काढून लावलं असतं. आता मी आत हाय. म्हनजे खोली रिकामी नाही.”

मालक लाकडाच्या लिलावाला गोंदियाला गेलेला, किल्ली त्याच्याच खिशात. माझ्या मुलींनी टेबलावर स्टूल चढवलं. म्हणाल्या, मंत्रीजी, तिकडून टेबलावर चढा, आम्ही इकडून धरतो, पार्टिशनवरून या. ते नाही म्हणाले. मी पार्टिशनवरून चहाचा कप दिला तो घेतला. एवढ्यात अनसूयाबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत नवऱ्याचा इस्त्रीचा सदरा.

“चला, गाडी चुकते,” त्या दाराशी म्हणाल्या.

“भायेरून कुलूप हाय वं.”

“दिसते मले. बाई म्हनतेत तसे वरून या.”

“तसं नाही येता येत.”

“काहून?”

“मी निंघालो का खोली गेली. मालक तेच पाहून राहिला.”

अनसूयाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि दाराला कपाळ टेकलं. माझ्या मुली मागे सरकल्या, मी मात्र सरकले नाही.

“कुलूप तं आज लागलं,” त्या म्हणाल्या. “तुमी दीड वर्सापासून आत आहा. हे कुलूप मालक येऊन खोलन. ते कोन खोलते?”

आत बाक सरकल्याचा आवाज आला.

“मले तुमच्यासंगं राहाचं हाय. सकाळी उठून दोघांनी च्या प्यायचा हाय. तुमचा पक्ष जगो का मरो, मले एवढंच पाहिजे. मी काही लई मागून राहिली का?”

खालची आरामशीन बंद होती, म्हणून सगळं ऐकू येत होतं. मग आतून ते म्हणाले, “सोमवारी वकीलसाहेबाकडे जातो. कागद नेतो.”

“कोनता कागद?”

“लिहून ठेवला हाय पयलाच.”

तीनची गाडी गेली, चारची भेट गेली. संध्याकाळी मालक आला, कुलूप काढलं, आत जिवंत माणूस पाहून त्याची पाचावर धारण बसली. माणूस कोंडल्याची केस होईल म्हणून त्यानं मंत्रीजींचे पाय धरले आणि परत कधी कुलूप लावलं नाही. कार्यालय वाचलं. कळमेश्वरची जागा दुसऱ्याला मिळाली.

सोमवारी ते खरंच गेले. फायलीतला तोच नमुना काढला, घडी घालून खिशात ठेवला, सायकलनं धंतोलीला. तासाभरात परत आले आणि कागद पुन्हा फायलीत लावला. मी काही न विचारता त्यांनी सांगितलं. वकीलसाहेब झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, “मंत्रीजी, मी कोण आता? मी राजीनामा दिलेला साधा माणूस. मला काय अधिकार तुमचा कागद मंजूर करायचा?” चहा मात्र पाजला.

पंधरा दिवसांनी अनसूयाबाई एकट्याच कळमेश्वरला गेल्या. भांडण झालं नाही. त्यांनी सक्करदऱ्याच्या घरात महिनाभराचं तिखट-मीठ भरून ठेवलं आणि गेल्या. मंत्रीजी रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ लागले, कारण सोमवारी आठला दार.

आणि मग पुन्हा निवडणूक झाली आणि पक्ष उठला. असा उठला की विचारू नका. निकालाच्या तिसऱ्या दिवशी आमच्या जिन्यावर इतके पाय चढले की मला वाटलं जिना जातो आता. गुलाल माझ्या टाइपरायटरवर. ज्यांची प्रकृती बिघडली होती ते सगळे ठणठणीत होऊन आले, तो ठेकेदारसुद्धा. वकीलसाहेब अध्यक्षाच्या खुर्चीत बसले, ती मंत्रीजींनी तीन वर्षं रोज पुसली होती. शेजारी त्यांचा भाचा उभा होता.

“मंत्रीजी, राजीनाम्यांची फाईल,” वकीलसाहेब म्हणाले.

मंत्रीजींनी दिली. वर अनुक्रमणिका लावलेली होती.

वकीलसाहेब उभे राहिले आणि कोर्टात बोलावं तसे बोलले. “घटनेप्रमाणे राजीनामा मंजूर झाल्याशिवाय राजीनामा नाही. यातला एकही कागद मी मंजूर केलेला नाही. माझा वरच्यांनी केला नाही. म्हणजे मी अध्यक्ष होतोच, आणि तुम्ही सगळे पक्षात होताच. कोणी पक्ष सोडलाच नाही.” टाळ्या पडल्या. ते एकेक कागद काढून फाडू लागले. ते सुंदर अक्षर माझ्या डोळ्यांदेखत तुकडे तुकडे होऊन भुशात पडत होतं. मला वाटलं होतं, मंत्रीजींना वाईट वाटेल. ते खुशीत होते. परत येणाऱ्याला दार उघडं सापडलं होतं.

तळाशी एक कागद राहिला. वकीलसाहेबांनी तो वाचला, तारीख पाहिली आणि भाच्याकडे पाहिलं.

“मंत्रीजी, हा तुमचा. सगळ्यांच्या आधीचा.” मग कागद टेबलावर ठेवून म्हणाले, “तुम्ही थकलात. घरचेही तिकडे आहेत म्हणे. नव्या पोरांना वाव द्यायला पाहिजे.”

मी दारातच होते. मला राहवलं नाही. “साहेब, तो नमुना आहे,” मी म्हटलं. “ते सगळ्यांचाच आधी स्वतःच्या नावानं करतात. तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही त्यांचा शोकठराव वाचला होता.”

दोघं-तिघं हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. “सही तुमचीच ना, मंत्रीजी?”

“हाव, माहीच.”

“नमुना आहे का हा?”

मंत्रीजींनी नुसतं हो म्हणायचं होतं, आणि त्यांची जागा कोणाच्या बापाला काढता आली नसती. मंत्रीजींनी त्या कागदाकडे पाहिलं. त्याला मधोमध घडी पडलेली होती.

“होता,” ते म्हणाले. “पन एक रोज मी तो तुमच्या दारी घेऊन आलो होतो, साहेब. द्याच्या इराद्यानं. तवापासून तो नमुना नाही राहिला. बाई, तुमी मधात नोका पडू.”

वकीलसाहेबांनी लाल शाईनं ‘मंजूर’ लिहिलं. म्हणजे पक्षाच्या दप्तरी आजही असं आहे, की त्या पराभवात शहरातला एकच माणूस पक्ष सोडून गेला, आणि तोही पहिल्याच सकाळी, आठ वाजून गेल्या गेल्या. मी हे लिहिते आहे ते त्याचसाठी. माझा तेव्हाचा राग अजून गेलेला नाही.

मंत्रीजींनी मंजुरीची नक्कल मागितली, ती मिळाली. मग त्यांनी एका कागदावर ‘कार्यालयाची किल्ली, नग एक, मिळाली’ असं लिहून भाच्याची सही घेतली. तो कागद मात्र त्यांनी पहिल्यांदाच नमुन्याशिवाय लिहिला. जिना उतरले तेव्हा सुखदेव दुकानातून बाहेर आला. तो रोजचंच ओरडणार होता, पण त्यांचा चेहरा पाहून हळू म्हणाला, “काय मंत्रीजी?”

“हाय ना,” ते म्हणाले. “आयकून नाही राहिला का, वर किती गोंधळ हाय?” आणि सायकल घेऊन गेले.

वर्षभरानं माझ्या एका विद्यार्थिनीचं लग्न कळमेश्वरला होतं. मी मुद्दाम सकाळची पहिली गाडी धरली आणि विचारत विचारत क्वार्टरपर्यंत गेले. आठ वाजायचे होते. दार आतून उघडलं, आणि मंत्रीजी एक बाक ओढत बाहेर आले. तो त्यांनी दाराच्या उजव्या हाताला मांडला, फडक्यानं पुसला आणि मग मला पाहिलं. मागून अनसूयाबाई दोन कप घेऊन आल्या. त्यांचा चेहरा भरला होता. “पाहा, बाई,” त्या म्हणाल्या, “इथंबी तेच. कोन येनार हाय इथं?” पण त्या रागावल्या नव्हत्या. आत जाऊन तिसरा कप आणला.

मंत्रीजींनी माझ्या मुलींची, सुखदेवची चौकशी केली. चहा निम्मा झाल्यावर, मला ज्याची भीती होती तेच विचारलं.

“आठाले उघडते का?”

मंत्रीजींनी किल्ली दिली त्याच उन्हाळ्यात पक्षानं ती खोली मालकाला सोडून दिली होती. नवं कार्यालय पलीकडे मोठ्या रस्त्यावर, काचेच्या दाराचं. नेते आले की उघडायचं. आमच्या गॅलरीत शेजारच्या दाराला आता कुलूप असे आणि आत सागाच्या फळ्या रचलेल्या. मी अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या, आणि मला कळलं की त्यांना सगळं ठाऊक आहे.

“उघडते ना,” मी म्हटलं.

“बरोबर आठाले?”

“बरोबर आठाले. बाक बाहेर असते.”

“मंग हाय,” मंत्रीजी म्हणाले, आणि मला बसायला बाकावर जागा करून दिली.